जालकावरील अवकल रूपे

भौतिकीतील क्षेत्रसिद्धांत संगणकावर सोडवण्यासाठी अवकाशाचे लहान पेशींचे जालक करतात. अवकल रूपे ही त्या जालकावर क्षेत्रे मांडण्याची एक पद्धत आहे. साध्या पद्धतीत क्षेत्राचे सगळे घटक जालकबिंदूंवर ठेवतात. इथे मात्र राशीची जागा तिच्या स्वभावावरून ठरते. विभव बिंदूवर मोजतात, म्हणून तो बिंदूवर. विद्युत् क्षेत्र रेषेवर समाकलित होते, म्हणून ते कडेवर. चुंबकीय फ्लक्स पृष्ठातून जातो, म्हणून तो पृष्ठावर. थोडक्यात, जालकावरचे १-रूप म्हणजे प्रत्येक कडेला दिलेली एकेक संख्या आणि २-रूप म्हणजे प्रत्येक पृष्ठाला दिलेली.

मग बाह्य अवकलज, म्हणजे कडांवरच्या संख्यांवरून पृष्ठावरची संख्या, काढायला नुसती बेरीज-वजाबाकी पुरते. सतत अवकाशात स्टोक्स प्रमेय (पृष्ठावरचा समाकल त्याच्या सीमेवरच्या समाकलाएवढा असतो) सिद्ध करावे लागते. इथे तीच व्याख्या. एका चौकोनाची खालची कड ३, उजवी ५, वरची २, डावी ४ घेऊ. आडव्या कडांची दिशा उजवीकडे, उभ्यांची वर. घड्याळाच्या उलट फिरल्यास ३+५−२−४ = २, हे पृष्ठावरचे मूल्य. या संख्या सदिश विभवाच्या धरू आणि आता गेज बदलू, म्हणजे बिंदूंना मनाजोग्या संख्या देऊन त्यांतला फरक (शेवट वजा सुरुवात) कडांत मिळवू: खालच्या डाव्या कोपऱ्याला ७ आणि बाकीच्यांना ० दिले की खालची कड −४ आणि डावी −३ होते. बेरीज −४+५−२+३, म्हणजे पुन्हा २. पेशी कितीही मोठी असो, गेज-अविकारिता, म्हणजे गेज बदलूनही पृष्ठावरचे मूल्य तेच राहणे, तसूभरही ढळत नाही. घनाच्या सहाही पृष्ठांची बेरीज घेतली तर प्रत्येक कड दोनदा, उलट चिन्हांनी येते आणि शून्य उरते. चुंबकीय एकध्रुव (एकटाच उत्तर किंवा दक्षिण ध्रुव) चुकूनही निर्माण होत नाही.

चूक शिरते ती हॉज ताऱ्यातून, म्हणजे एका प्रकारच्या रूपाचे पूरक मितीच्या रूपात रूपांतर करणाऱ्या क्रियेतून, कारण लांबी आणि क्षेत्रफळ तिथेच लागते. त्यासाठी द्वैती जालक हवे: मूळ जालकाच्या प्रत्येक पेशीत एक बिंदू घेऊन आणि शेजारच्या पेशींचे बिंदू जोडून केलेले दुसरे जालक. त्रिकोणी जालकात द्वैती बिंदू म्हणून परिकेंद्र घेतात. पण विशालकोन त्रिकोणाचे परिकेंद्र त्रिकोणाबाहेर पडते आणि एखाद्या कडेसाठी द्वैती कड आणि मूळ कड यांच्या लांबीचे गुणोत्तर ऋणही होऊ शकते. जालक आखताना खरी डोकेदुखी हीच.

केन यी यांनी १९६६ मध्ये मॅक्सवेल समीकरणांसाठी विद्युत् आणि चुंबकीय घटक अर्ध्या पेशीने सरकवून ठेवले. रूपांचे नावही न घेता त्यांनी रचना अचूक साधली होती! हॅस्लर व्हिटनी यांची १९५७ मधील रूपे (कडा-पृष्ठांवरच्या संख्यांवरून पेशीच्या आतले क्षेत्र देणारी) विद्युत्‌चुंबकीय गणनेसाठी अगदी साजेशी आहेत हे आलँ बोसावी यांनी १९८०च्या दशकात दाखवले. केनेथ विल्सन यांच्या १९७४च्या जालक गेज सिद्धांतात कडेवर संख्येऐवजी गणिती गटाचा (उदा. विशिष्ट सारण्यांच्या समूहाचा) घटक असतो, आणि चौकोनाभोवती बेरजेऐवजी गुणाकार.

इलेक्ट्रॉनसारख्या फर्मिऑनांपाशी मात्र गाडी अडते. चार मितींत सर्व रूपे मिळून १+४+६+४+१ = १६ घटक होतात. हे डिरॅक–केलर क्षेत्र चार डिरॅक कणांएवढे भरते, कारण इलेक्ट्रॉनसारख्या एका डिरॅक कणाला चार घटक लागतात. बेखर आणि योस यांनी १९८२ मध्ये ते जालकावर मांडले, तेव्हा हाती आले ते कोगुट–सस्किंड यांचे आधीपासून वापरात असलेले विखुरलेले फर्मिऑनच, ज्यांत घटक वेगवेगळ्या जालकबिंदूंवर वाटलेले असतात. एक कण हवा असला तरी चौघे येतात.