यूडीपीवरील दूरस्थ डीबगिंग

एका यंत्रावरील प्रोग्रॅम वा कर्नल (कार्यप्रणालीचा गाभा) दुसऱ्या यंत्रावरच्या डीबगरने (दोष शोधण्याच्या साधनाने) तपासताना दोहोंमधील आज्ञा-उत्तरांची देवाणघेवाण यूजर डेटाग्रॅम प्रोटोकॉलवरून (यूडीपी) करण्याची पद्धत. यूडीपी पॅकेट पोहोचल्याची हमी देत नाही, क्रम राखत नाही आणि हरवलेले पॅकेट पुन्हा पाठवत नाही. डीबगरच्या बाजूने पाहिल्यास हा पर्याय घालण्यासाठी सॉकेटचा प्रकार बदलण्यापलीकडे फारसे काही करावे लागत नाही. पण एरवी टीसीपी (पॅकेट पोहोचण्याची व क्रमाची हमी देणारा प्रोटोकॉल) सांभाळते ती सगळी जबाबदारी मग डीबगरच्या स्वतःच्या प्रोटोकॉलवर येऊन पडते. पुढील विवेचन प्रामुख्याने जीडीबी या डीबगरच्या संदर्भात आहे.

उगम : या पद्धतीचा आरंभ कुठे मानावा याबद्दल एकवाक्यता नाही. जीडीबीच्या अंगाने लिहिणारे बहुधा १९९० नंतरच्या काळापासून सुरुवात करतात, कारण सीरियल तारेवरचे डीबगिंग त्यांना मूळ वाटते आणि नेटवर्क ही नंतरची भर. नेटवर्कच्या इतिहासाकडे पाहिले तर हा क्रम टिकत नाही. जुलै १९७४ मधील आरएफसी ६४३ (आरएफसी म्हणजे नेटवर्कविषयीची क्रमांकित टिपणे) ही ई. मेडर यांची नोंद नेटवर्कवरून डीबगिंग करण्याच्या प्रोटोकॉलविषयीच आहे. तेव्हा यूडीपी अस्तित्वातच नव्हता. जॉन पोस्टेल यांचा आरएफसी ७६८ ऑगस्ट १९८० चा. ‘एक्सनेट’ नावाने ओळखल्या गेलेल्या या परंपरेला आयपी या इंटरनेटच्या पायाभूत प्रोटोकॉलमध्ये स्वतःचा क्रमांक मिळाला, १५. यूडीपीचा क्रमांक १७ आहे. म्हणजे एक्सनेटची पॅकेटे यूडीपीच्याही आधाराविना थेट आयपीवर स्वार होत. ऑक्टोबर १९८० मधील आयईएन (इंटरनेट एक्सपेरिमेंट नोट) १५८ या टिपणात जे. हॅव्हर्टी यांनी त्यांची आयपीच्या चौथ्या आवृत्तीसाठीची रचना दिली आहे. बेभरवशाच्या वाहतुकीवरील डीबगिंगचा आरंभ एक्सनेटपासून धरणे म्हणूनच अधिक ग्राह्य दिसते, जरी ‘यूडीपीवरील’ हे विशेषण त्याला काटेकोरपणे लागू पडत नसले तरी.

यानंतरचे पाऊल उलट दिशेचे होते. जुलै १९८४ मध्ये बीबीएन या संस्थेतून दोन आरएफसी एकापाठोपाठ आले. ९०९ मध्ये यंत्रात प्रोग्रॅम चढवण्याचा व डीबग करण्याचा प्रोटोकॉल होता आणि ९०८ मध्ये त्याच्यासारख्या कामांसाठी मुद्दाम घडवलेली ‘रिलायबल डेटा प्रोटोकॉल’ ही भरवशाची वाहतूक. टीसीपी हाताशी असताना वेगळी भरवशाची वाहतूक घडवावीशी वाटली, यावरून लहान यंत्रांना टीसीपी किती जड वाटत असे याची कल्पना येते. ही वाहतूक पुढे रुळली नाही. १९८८ मध्ये डेव्हिड रेडेल यांनी डिजिटल इक्विपमेंट कंपनीच्या टोपाझ प्रणालीतील ‘टेलिडीबग’चा अनुभव मांडला. मॅक (Mach) कर्नलमधील त्याच नावाची सोय पाहता या कामाचा प्रभाव पुढे पोहोचला असावा.

जीडीबीतील प्रवेश : जीडीबीचा दूरस्थ प्रोटोकॉल सीरियल तारेसाठी आखलेला आहे. त्याच्या नावातही ‘सीरियल’ आहे. लक्ष्य-यंत्रावर बसणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमला ‘स्टब’ म्हणतात. नमुन्यादाखल सर्वत्र वापरला गेलेला स्टब एचपी कंपनीने सार्वजनिक मालकीत दिला. त्यावर १९९१ ची तारीख आढळते. टीसीपीची सोय पुढे आली आणि यूडीपीचा पर्याय बहुधा २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत. पत्त्याच्या आधी ‘यूडीपी’ व अपूर्णविराम लिहिला की जीडीबी डेटाग्रॅम सॉकेट उघडतो. त्याच्या मार्गदर्शिकेने मात्र तेव्हाच हात झटकले आहेत : यूडीपीतील ‘यू’ म्हणजे ‘अनरिलायबल’ हे ध्यानात ठेवा, गजबजलेल्या नेटवर्कवर पॅकेटे गुपचूप गळतील आणि डीबगिंगचा विचका होईल, असा तिचा इशारा आहे. (‘यू’ अर्थात ‘यूजर’चा.)

प्रोटोकॉलची घडण : प्रत्येक पॅकेट डॉलरचिन्हाने सुरू होते; मग मजकूर, मग # आणि दोन षोडशमान अंकांची तपासबेरीज. ही बेरीज मजकुरातील बाइटांची, २५६ ने भागून उरणारी. प्रोग्रॅम एक यंत्र-सूचना पुढे सरकवण्याची आज्ञा ‘एस’ या एकाच अक्षराची असल्याने तिची बेरीज म्हणजे त्या (लहान लिपीतील) अक्षराचाच आस्की संकेतांक, षोडशमानात ७३. पॅकेट नीट मिळाले तर समोरचा ‘+’ ही पोच देतो, बिघडलेले मिळाले तर ‘-’. पोच ठरावीक वेळात आली नाही तर जीडीबी पॅकेट पुन्हा पाठवतो. ही मुदत मुळात २ सेकंदांची असते आणि असे प्रयत्न दोन-तीनच होतात.

ही व्यवस्था तारेवरच्या दोषांना धरून आहे. तारेवर बाइट विद्रूप होतात, पण एकमेकांच्या पुढेमागे होत नाहीत. यूडीपीवर नेमके उलटे घडते. बिघडलेली फ्रेम इथरनेटची ३२ बिटांची तपासणी किंवा यूडीपीची स्वतःची बेरीज आधीच फेकून देते. त्यामुळे ‘-’ पाठवण्याची वेळ जवळजवळ येतच नाही. बिघाडाचे रूपांतर गहाळ होण्यात होते. एका बाइटाची ‘+’ ही पोच स्वतंत्र डेटाग्रॅममधून गेली, तर तिच्यासाठी किमान ६४ बाइटांची फ्रेम खर्ची पडते, आणि हीच एक बाइट हरवली तर सर्वांत मोठा घोटाळा होतो.

तो असा. जीडीबीने ‘एस’ पाठवले. स्टबने ‘+’ दिला, सूचना चालवली आणि थांबल्याचे उत्तर पाठवले. यातला ‘+’ वाटेत गळाला. पोचेची वाट पाहत असलेल्या जीडीबीच्या हाती एकदम डॉलरचिन्हाने सुरू होणारे पॅकेट पडते. हे कुठल्यातरी जुन्या आज्ञेचे उशिरा आलेले उत्तर असावे अशा समजुतीने तो ते गिळून टाकतो, वर त्याची पोचही देतो, म्हणजे स्टब ते पुन्हा पाठवणार नाही. मुदत संपली की तो मूळ ‘एस’ पुन्हा पाठवतो. स्टबच्या दृष्टीने ही नवी आज्ञा. प्रोग्रॅम दोन सूचना पुढे गेलेला असतो, आणि वापरणाऱ्याला एकच दिसते. स्मृती वाचण्याची आज्ञा दोनदा चालली तर सहसा बिघडत नाही, उपकरणाचे रजिस्टर वाचत असल्यास मात्र बिघडू शकते. पुढे चालवण्याच्या आज्ञांना तेवढीही सूट नाही.

दुसरा प्रसंग ‘पुढे चालू दे’ या आज्ञेचा. तिच्यानंतर जीडीबी बेमुदत वाट पाहतो, कारण ब्रेकपॉइंट (प्रोग्रॅम थांबवण्यासाठी नेमलेली जागा) कधी लागेल हे सांगता येत नाही. ब्रेकपॉइंट लागून स्टबने पाठवलेले पॅकेटच हरवले तर? नमुना-स्टबमध्ये पॅकेट पाठवणे आणि मग एक बाइट वाचणे एवढेच चक्र आहे. वाचलेली बाइट ‘+’ नसेल तर पुन्हा पाठवायचे. घड्याळ नाही. बाइट आलीच नाही तर दोन्ही बाजू एकमेकांच्या तोंडाकडे पाहत बसतात. गंमत अशी की अशा वेळी वैतागून कंट्रोल-सी दाबले तर त्याची जी बाइट जाते ती ‘+’ नसल्यामुळे स्टब हरवलेले पॅकेट पुन्हा पाठवतो आणि गाडे सुटते. हा आखलेला उपाय नव्हे.

अनुक्रमांकाचा प्रश्न : वरील दुहेरी चालीवर उपाय म्हणजे प्रत्येक पॅकेटाला अनुक्रमांक. जीडीबीच्या ५.० पूर्वीच्या प्रोटोकॉल-वर्णनात तसा दोन अंकी ऐच्छिक अनुक्रमांक होताही, आणि तो पोचेसोबत परत यावा अशी तरतूद होती. जीडीबीने स्वतः तो कधीच पाठवला नाही आणि पुढे तो वर्णनातून वगळण्यात आला. यूडीपीचा पर्याय आला तेव्हा हा धागा पुन्हा उचलला गेला नाही, हे या सोयीचे खरे वैगुण्य म्हणावे लागेल. ७.० आवृत्तीच्या सुमारास उलट पोच बंद करण्याचीच सोय आली. भरवशाच्या वाहतुकीवर ती वेळ वाचवते. यूडीपीवर वापरल्यास उरलासुरला आधारही जातो.

यूडीपी का : एवढे असूनही पर्याय टिकून आहे, कारण कर्नल थांबला की त्याचा टीसीपीही थांबतो. टीसीपीला घड्याळे, इंटरप्ट (उपकरणांकडून येणारे व्यत्यय-संकेत) आणि स्मृतीचे वाटप लागते. ब्रेकपॉइंटवर गोठलेल्या कर्नलमध्ये यातले काहीच चालत नाही. यूडीपीचे शीर्ष ८ बाइटांचे. स्टब नेटवर्क कार्ड स्वतःच पुनःपुन्हा तपासून ते हाताळू शकतो.

लिनक्सच्या केजीडीबीत (कर्नलमधील जीडीबी-स्टबमध्ये) हा मार्ग ‘केजीडीबीओई’ या नावाने होता. केजीडीबीच्या जडणघडणीत अमित काळे आणि पुण्यातील लिन्सिससॉफ्ट यांचा मोठा वाटा असून कर्नलच्या फाइलींतील स्वामित्वनोंदींत दोन्ही नावे आहेत. जुलै २००८ च्या २.६.२६ आवृत्तीत केजीडीबी मुख्य कर्नलमध्ये आला, पण इथरनेटचा भाग बाहेरच राहिला. नेटवर्क ड्रायव्हरने एखादे कुलूप (एका वेळी एकालाच वापर देणारी खूण) धरलेले असतानाच कर्नल थांबला तर त्याच ड्रायव्हरमधून पॅकेट पाठवता येत नाही, ही त्यातली मुख्य अडचण. क्यूएमू या आभासी यंत्रातही जीडीबीसाठी यूडीपी चालतो.

ॲपलच्या कर्नलमधील केडीपी हा प्रोटोकॉल मुळातच यूडीपीसाठी घडवलेला आहे, पोर्ट ४११३९. त्याच्या काही फाइलींवर नेक्स्ट कंपनीची १९९२ ची स्वामित्वनोंद दिसते. शीर्षात ८ बिटांचा अनुक्रमांक असतो. शेवटचे उत्तर कर्नल जपून ठेवतो आणि आधीच्याच क्रमांकाची मागणी पुन्हा आली तर काम पुन्हा न करता तेच उत्तर परत पाठवतो. जीडीबीत जे राहून गेले ते येथे सुरुवातीपासून आहे.

व्हीएक्सवर्क्स या उपकरणांत वापरल्या जाणाऱ्या कार्यप्रणालीचा डीबग-सेवक यूडीपीच्या १७१८५ पोर्टवर ऐकतो. षोडशमानात हा आकडा ४३२१ होतो. २०१० मध्ये सुरक्षा-संशोधक एच. डी. मूर यांनी केलेल्या पाहणीत ही सेवा उघडी असलेली अडीच लाखांहून अधिक यंत्रे इंटरनेटवर आढळली. विंडोज ८ पासून मिळालेल्या केडीनेट या नेटवर्कवरील कर्नल-डीबगिंगच्या सोयीमध्ये यूडीपीवरील सर्व देवाणघेवाण कूटबद्ध असते. तिची किल्ली टिंबांनी जोडलेल्या चार भागांची असून ती दोन्ही यंत्रांवर द्यावी लागते, आणि पोर्ट ५०००० ते ५००३९ यांमधून निवडावा अशी मायक्रोसॉफ्टची शिफारस आहे.