एकनाडी, एकच रक्तगट आणि मामाची पोरगी

कोल्हापुरात स्थळाच्या बायोडाट्यावर रास, गण, नाडी यांच्याखाली हल्ली रक्तगटाचीही ओळ असते. ती वाचून स्थळ परत पाठवलेलं मी पाहिलंय. ‘दोघांचा बी ‘बी’च हाय, पोरं धड व्हायची न्हाईत.’ म्हणणाऱ्या मावशी स्वतः आत्याच्या घरात सून म्हणून गेलेल्या. तिथं मात्र कुणाला काही खटकलं नव्हतं.

नवरा-बायकोचा रक्तगट एक असण्यात काहीही धोका नाही. आपल्याकडं बी आणि ओ गटाची माणसं इतकी आहेत की हा नियम पाळायचा म्हटलं तर निम्मी पेठ बिनलग्नाची राहील. ही भीती विज्ञानातून नाही, पत्रिकेतून आली असावी असं मला वाटतं. एकनाडी असेल तर संतती नाही, ही जुनी समजूत. नाडीच्या जागी रक्तगट आला आणि भीती तशीच राहिली.

मुळात रक्तगट सापडला तो लग्नासाठी नाही, रक्त चढवताना माणसं का दगावतात या कोड्यातून. १८१८ मध्ये लंडनच्या जेम्स ब्लंडेल यांनी माणसाचं रक्त माणसाला दिलं. पुढं कुणी वाचायचं, कुणी जायचं, आणि का ते कळत नव्हतं. १९०० च्या सुमारास व्हिएन्नात कार्ल लँडस्टायनर यांनी स्वतःचं आणि प्रयोगशाळेतल्या सहकाऱ्यांचं रक्त घेतलं, तांबड्या पेशी आणि पिवळसर द्रव वेगळा केला आणि प्रत्येकाच्या पेशी दुसऱ्याच्या द्रवात घालून पाहिल्या. काही जोड्यांत पेशींच्या गुठळ्या झाल्या, काहींत नाही. त्यावरून १९०१ मध्ये त्यांनी ए, बी आणि सी असे तीन गट मांडले. ‘सी’चं पुढं ‘ओ’ झालं. चौथा, एबी, १९०२ मध्ये त्यांच्या सहकाऱ्यांना सापडला. लँडस्टायनरना १९३० मध्ये नोबेल मिळालं. त्यांच्या वाढदिवशी, १४ जूनला, जागतिक रक्तदाता दिन असतो.

गट म्हणजे पेशीच्या अंगावरची साखर. पेशीवर ‘एच’ नावाची एक साखळी असते. तिच्या टोकाला एक साखर जोडली की ए, दुसरी जोडली की बी, दोन्ही जोडल्या की एबी, काहीच जोडलं नाही की ओ. जी साखर आपल्या अंगावर नाही तिच्याविरुद्ध प्रतिपिंडं (अँटीबॉडी) मात्र लहानपणीच तयार होतात, कारण आतड्यातल्या जंतूंवरही तसल्याच साखरा असतात. म्हणून एकदाही रक्त न चढवलेल्या माणसालासुद्धा चुकीचं रक्त पहिल्याच वेळी बाधतं.

लग्नाशी खरा संबंध आला तो आरएच घटकाचा. तांबड्या पेशीवर तो असला की रक्त पॉझिटिव्ह, नसला की निगेटिव्ह. १९४० मध्ये लँडस्टायनर आणि वीनर यांनी तो मांडला. आई निगेटिव्ह, बाप पॉझिटिव्ह आणि पोटातलं मूलही पॉझिटिव्ह, तर बाळंतपणात मुलाचं रक्त आईच्या रक्तात मिसळून तिच्यात प्रतिपिंडं तयार होतात. पहिलं मूल बहुतेक वेळा सुखरूप असतं. पुढच्या मुलाच्या पेशी या प्रतिपिंडांच्या तावडीत सापडतात. १९६८ पासून यावर ॲण्टी-डीचं इंजेक्शन आहे, बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत द्यायचं. म्हणजे इथंसुद्धा अडचण गट वेगळा असण्याची, एक असण्याची नाही. आणि तीही स्थळ मोडण्याएवढी नाही, डॉक्टरला आधी सांगण्याएवढी.

आता मामाच्या पोरीकडं येऊ.

१९५२ मध्ये मुंबईच्या डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक चमत्कारिक रक्त नोंदवलं. तपासलं तर ओ दिसायचं, पण ओ गटाचं रक्तही त्याला चालत नव्हतं. या माणसांत मूळची एच साखळीच नव्हती, त्यामुळं ओ पेशीसुद्धा त्यांच्या शरीराला परकी. या गटाला ‘बॉम्बे’ म्हणतात. (कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ ला मुंबई राज्यात विलीन झालेलं, तेव्हा नावात आपलाही वाटा आहे म्हणायला हरकत नाही.) युरोपात असा माणूस दहा लाखांत एखादा. मुंबईत साधारण १०,००० त एक. हाच हिशोब २०११ च्या जनगणनेतल्या आपल्या जिल्ह्याच्या ३८ लाख ७६ हजारांना लावला तर पावणेचारशेच्या वर माणसं होतात.

हा गट यायला आई आणि बाप दोघांकडून एचचं बिघडलेलं जनुक यावं लागतं. ते एकेकच असेल तर आईबापाला पत्ताही नसतो. आजा-आजी एकच असतील तर मात्र एकच बिघाड दोन्ही बाजूंनी खाली उतरायची शक्यता वाढते. १०,००० त एक हे प्रमाण धरलं तर सख्ख्या मामे-आते भावंडांच्या लग्नात ती साधारण सातपट होते. हिंदू विवाह कायद्यानं जवळच्या नात्यात लग्नाला मनाई केली, पण रूढी असेल तर सूट दिली. आणि दक्षिण महाराष्ट्रात मामाच्या पोरीवर भाच्याचा हक्क ही रूढी जुनीच आहे. सातपट म्हणजेही हजारात एकाच्या आतच, तेव्हा केलेली लग्नं कुणी मनाला लावून घेऊ नयेत. पण स्थळ बघताना घाबरायचंच असेल तर निदान योग्य ओळीला घाबरावं.

या गटानं घरात दुसराही घोळ होतो. बाप एबी आणि पोराच्या कागदावर ओ, असं दिसलं की कुजबुज सुरू होते. पोरात ए किंवा बीचं जनुक बापाकडून आलेलं असतं, फक्त साखर जोडायला साखळीच नसते.

पैसे घेऊन रक्त देणं १ जानेवारी १९९८ पासून बंद झालं आणि रक्तपेढ्यांची सारी भिस्त शिबिरांवर आली. तालमीच्या मांडवात बोट टोचून काचपट्टीवर ए ओळखायचा निळा आणि बी ओळखायचा पिवळा थेंब टाकतात, त्यात बॉम्बे गट हमखास ओ म्हणून सुटतो. तो पकडायला उलटी तपासणी लागते: माणसाच्या रक्तद्रवात माहितीतल्या ओ पेशी घालायच्या. गुठळी झाली की संशय. मग अशा माणसाला रक्त लागलं की आधी सख्ख्या भावंडांना बोलावतात, कारण त्या प्रत्येकाला हाच गट असण्याची शक्यता चारात एक असते.