गालॅपागस बेटे : प्रवेशपरवाना व अभ्यागतशुल्क

दक्षिण अमेरिकेतील एक्वादोर देशाच्या किनाऱ्यापासून पश्चिमेस सुमारे १,००० किमी. अंतरावर, पॅसिफिक महासागरात असलेल्या गालॅपागस द्वीपसमूहात जाणाऱ्या प्रत्येक अनिवासी व्यक्तीस दोन स्वतंत्र बंधने पाळावी लागतात. पहिले बंधन ये-जा नियंत्रणाच्या कार्डाचे आहे. ‘टीसीटी’ या संक्षेपाने ओळखले जाणारे हे कार्ड त्या व्यक्तीस बेटांवर ठरावीक मुदतीपुरते राहू देते. दुसरे बंधन राष्ट्रीय उद्यान व सागरी राखीव क्षेत्र यांच्या प्रवेशशुल्काचे. पर्यटनविषयक लेखनात या दोहोंचा उल्लेख ‘गालॅपागसचे शुल्क’ असा एकत्रच केला जातो. तो बरोबर नाही. कार्डाचा उगम लोकवस्तीच्या नियंत्रणात आहे, तर शुल्काचा उगम निसर्गरक्षणाच्या अर्थकारणात आहे. दोहोंची आकारणी करणाऱ्या संस्थाही वेगळ्या आहेत.

या व्यवस्थेचा आरंभ कोणत्या वर्षापासून धरावा, याविषयी एकमत नाही. एक्वादोरने १२ फेब्रुवारी १८३२ रोजी ही बेटे आपल्या ताब्यात घेतली. त्यानंतर सुमारे शंभर वर्षे वसाहती, दंडवसाहत आणि कासवांची बेसुमार शिकार यांचाच इतिहास आढळतो. १९३४ मध्ये काही प्राण्यांच्या शिकारीवर निर्बंध घालणारा हुकूम निघाला आणि १९३६ मध्ये काही बेटे राखीव ठरविण्यात आली. काही अभ्यासक संरक्षणाचा प्रारंभ याच दोन हुकुमांपासून मानतात. तथापि ते अमलात आणणारा एकही रक्षक त्या काळी बेटांवर नेमलेला नव्हता, ही गोष्ट नजरेआड करता येत नाही. चार्ल्स डार्विनच्या ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ या ग्रंथाची शताब्दी १९५९ मध्ये होती. त्याच वर्षीच्या जुलैमध्ये वस्ती नसलेली सर्व जमीन राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित करण्यात आली आणि त्याच महिन्यात ब्रसेल्स येथे चार्ल्स डार्विन प्रतिष्ठानाची स्थापना झाली. द्वीपसमूहाच्या भूमीपैकी सुमारे ९७ टक्के भाग उद्यानात आणि उरलेला सुमारे ३ टक्के भाग वस्ती व शेतीसाठी, ही विभागणी तेव्हापासूनची आहे. संरक्षणाचा कायदेशीर पाया १९५९ मध्ये घातला गेला, असे मानणे अधिक सयुक्तिक दिसते. प्रत्यक्ष प्रशासन मात्र साधारणतः १९६८ पासून सुरू झाले. प्रवेशाचे नियमन त्याआधी अस्तित्वात असणे संभवतच नाही, कारण ते करणारी यंत्रणाच नव्हती.

पद्धतशीर पर्यटनाला १९६० च्या दशकाच्या अखेरीस सुरुवात झाली. त्या वेळी भर शुल्कावर नव्हता, संख्येवर होता. १९७० च्या दशकाच्या पूर्वार्धातील उद्यानाच्या आराखड्यात वर्षाला १२,००० पर्यटकांची कमाल मर्यादा सुचविण्यात आली. पुढे ती सुमारे २५,००० पर्यंत वाढविण्यात आली, पण दोन्ही मर्यादा कागदावरच राहिल्या. १९९० च्या सुमारास वर्षाला येणाऱ्यांची संख्या ४०,००० च्या आसपास पोहोचली होती. पुढील इतिहास समजण्यास ही घटना महत्त्वाची आहे. संख्येची मर्यादा पाळणे जमत नाही असे दिसून आल्यावर शासन हळूहळू किमतीकडे वळले. परदेशी पर्यटकांचे शुल्क १९९३ मध्ये ४० डॉलरवरून ८० डॉलर झाले आणि १९९८ च्या विशेष कायद्याबरोबर १०० डॉलर झाले. तेथून पुढे सुमारे २६ वर्षे हा आकडा बदलला नाही. दरम्यान डॉलरची क्रयशक्ती घटत गेल्याने, वास्तविक मूल्याच्या दृष्टीने हे शुल्क दर वर्षी कमीच होत होते.

मार्च १९९८ चा विशेष कायदा हा या विषयाचा गाभा होय. त्याची पार्श्वभूमी शांत नव्हती. १९९० च्या दशकात समुद्रकाकडीच्या मासेमारीवरील बंदीवरून मच्छीमार आणि उद्यान प्रशासन यांच्यात तीव्र संघर्ष झाला आणि १९९५ मध्ये आंदोलकांनी बेटांवरील चार्ल्स डार्विन संशोधन केंद्राचीही नाकेबंदी केली. मुख्य भूमीवरून रोजगारासाठी येणाऱ्यांचा ओघ वाढत होता. पर्यटनातून मिळणाऱ्या पैशाचा बराचसा भाग बेटांबाहेर जात होता आणि प्रवेशशुल्काचाही मोठा वाटा केंद्रीय यंत्रणेकडे वळत होता. स्थानिक रहिवाशांना संरक्षण हा आपल्यावर लादलेला भार वाटावा, यात नवल नव्हते.

या कायद्याने तीन गोष्टी एकाच वेळी केल्या. सागरी राखीव क्षेत्र निर्माण केले, बेटांवर स्थायिक होण्याचा हक्क मर्यादित केला आणि प्रवेशशुल्काची वाटणी कायद्यातच टक्केवारीने ठरवून दिली. शुल्काच्या उत्पन्नापैकी ४० टक्के राष्ट्रीय उद्यानास, २० टक्के बेटांवरील नगरपालिकांस, प्रत्येकी १० टक्के प्रांतिक परिषदेस व ‘इंगाला’ या नियोजन संस्थेस आणि प्रत्येकी ५ टक्के सागरी राखीव क्षेत्र, तपासणी व विलगीकरण यंत्रणा, नौदल आणि पर्यावरण मंत्रालय यांस, अशी ती वाटणी होती. उद्यान व सागरी क्षेत्र यांचा एकत्रित वाटा निम्म्याहूनही कमी भरतो, यावर निसर्गरक्षकांनी टीका केली. उलट, पाणीपुरवठा, मलनिस्सारण आणि कचरा यांची व्यवस्था नगरपालिकांनी केली नाही, तर प्रदूषणाची झळ शेवटी उद्यानालाच पोहोचेल, असा दुसरा पक्ष आहे. दुसऱ्या पक्षाच्या म्हणण्यात अधिक तथ्य आहे. रहिवाशांच्या नळाला पाणी येणे आणि इग्वानांचा किनारा स्वच्छ राहणे, या दोन वेगळ्या समस्या नाहीत, हे १९९८ च्या कायद्याने हिशेबाच्या भाषेत मान्य केले, हेच त्याचे मोठेपण आहे. मात्र ही टक्केवारी आजच्या स्थितीस जशीच्या तशी लावू नये. २००८ च्या राज्यघटनेनंतर प्रांतिक परिषद व ‘इंगाला’ यांच्या जागी ‘विशेष राजवटीचे शासन मंडळ’ आले आणि २०१५ मध्ये नवा कायदा करण्यात आला.

२००८ च्या राज्यघटनेचा २५८ वा अनुच्छेद या बेटांसाठी स्वतंत्र राजवट ठरवितो. पर्यावरणास बाधा पोहोचू शकेल असे स्थलांतर, रोजगार व अन्य व्यवसाय यांवर तेथे निर्बंध घालता येतील, असे त्यात नमूद आहे. त्यामुळे क्वितो वा ग्वायाकिल येथील एक्वादोरच्या नागरिकासही आपल्याच देशाच्या या प्रांतात मनास येईल तेव्हा घर करता येत नाही. समान नागरिकत्व आणि मुक्त संचार यांच्याशी हे विसंगत आहे, असा आक्षेप अधूनमधून घेतला जातो. परंतु निर्बंध खुद्द राज्यघटनेतच असल्याने त्याला कायदेशीर आधार भक्कम आहे. कायद्याने कायम रहिवासी, तात्पुरते रहिवासी आणि पर्यटक व अन्य अल्पकालीन येणारे असे भेद केले आहेत. टीसीटी कार्ड हे या अखेरच्या वर्गाचे ओळखपत्र होय. पर्यटकास त्यावर एका वर्षात सर्वसाधारणपणे ६० दिवसांपर्यंत राहता येते. मुदत संपल्यावरही मागे राहून काम शोधणाऱ्यांना आळा घालणे, हा त्याचा मूळ हेतू आहे. पर्यटकांची एकूण संख्या मर्यादित करण्याचे काम ते करीत नाही.

कार्ड मुख्य भूमीवरील क्वितो वा ग्वायाकिल येथील विमानतळावर, उड्डाणापूर्वी घ्यावे लागते. त्याचे शुल्क २० डॉलर आहे. पासपोर्टाबरोबर परतीचे तिकीट आणि निवासाची नोंद वा स्थानिक रहिवाशाचे निमंत्रण दाखवावे लागते. त्यानंतर सामानाची जैवसुरक्षा तपासणी होते. ताजी फळे, बिया, माती लागलेली पादत्राणे यांकडे तपासनीस विशेष लक्ष देतात आणि तपासलेल्या बॅगेला सील लावतात. प्रवासात खाण्यासाठी घेतलेले एखादे फळही येथेच काढून घेतले जाते. ही खबरदारी अनाठायी नाही. बाहेरून आलेल्या शेळ्यांनी इसाबेला बेटाच्या उत्तर भागातील वनस्पती आणि त्यांवर जगणारी महाकाय कासवे यांची केलेली हानी सर्वज्ञात आहे. अंड्यांतून बाहेर आलेल्या पिल्लांचे रक्त जिच्या अळ्या शोषतात अशी एक परदेशी माशी आज डार्विन फिंच पक्ष्यांच्या मुळावर उठली आहे. २०१२ पासून हे काम स्वतंत्र जैवसुरक्षा संस्थेकडे आहे. गालॅपागसमधील बाल्ट्रा किंवा सान क्रिस्तोबाल बेटावरील विमानतळावर उतरल्यावर कार्ड तपासून उद्यानाचे शुल्क घेतले जाते. ते रोख डॉलरमध्ये भरण्याची प्रथा आहे. कार्डाचा उरलेला भाग परतीच्या वेळी द्यावा लागत असल्याने तो जपून ठेवणे आवश्यक असते. इसाबेला बेटावरील धक्क्यावर सुमारे १० डॉलरचे वेगळे स्थानिक शुल्क आकारले जाते.

१ ऑगस्ट २०२४ पासून उद्यानाचे दर बदलले. परदेशी प्रौढांचे शुल्क १०० वरून २०० डॉलर, अँडीज राष्ट्रसमूह व मर्कोसुर या दक्षिण अमेरिकी व्यापारी गटांच्या सदस्य देशांतील नागरिकांचे ५० वरून १०० डॉलर आणि एक्वादोरच्या नागरिकांचे ६ वरून ३० डॉलर झाले. १२ वर्षांखालील मुलांना आपापल्या वर्गाच्या निम्मे शुल्क पडते आणि २ वर्षांखालील बालकांना माफी आहे. एकूण रकमेत परदेशी पर्यटकांची वाढ सर्वांत मोठी दिसत असली, तरी प्रमाणाच्या दृष्टीने सर्वांत मोठी, म्हणजे पाचपट वाढ देशी नागरिकांच्या वाट्याला आली. स्वदेशातील सामान्य कुटुंबाला आपला वारसा पाहणे अवघड होऊ नये, हे तत्त्व वर्गवार दरांमागे असल्याने ही बाब अधिक चर्चेस पात्र आहे.

शुल्कवाढीने पर्यटकांची संख्या आटोक्यात येते काय, हा सर्वांत वादग्रस्त प्रश्न होय. युनेस्कोने १९७८ मध्ये जागतिक वारसा यादीत घेतलेली ही बेटे २००७ ते २०१० या काळात धोक्यातील वारशाच्या यादीत होती आणि त्यामागील कारणांत बेसुमार पर्यटनाचाही समावेश होता. २०१९ मध्ये २ लाख ७० हजारांहून अधिक आणि २०२३ मध्ये सुमारे ३ लाख ३० हजार पर्यटक आले. एका मतानुसार, पुरेसे चढे शुल्क लावल्यास हौशी गर्दी आपोआप घटते. दुसऱ्या मतानुसार, दूरच्या देशांतून हजारो डॉलर खर्चून येणाऱ्यास १०० डॉलरचा फरक जाणवत नाही. त्यामुळे शुल्क हे उत्पन्नाचे साधन आहे, नियंत्रणाचे नव्हे. दुसरे मत वस्तुस्थितीच्या अधिक जवळ आहे. यात आणखी एक तांत्रिक बाब फारशी लक्षात घेतली जात नाही, ती अशी की शुल्क प्रत्येक प्रवेशाचे आहे, दिवसाचे नाही. तीन दिवस राहणारा आणि तीन आठवडे राहणारा सारखेच पैसे भरतो. परिणामी घाईच्या, विमानाने येऊन लगेच परतणाऱ्या सहलींचा भार दर प्रवाशामागे तितकाच पडला, तरी दर दिवसामागे त्यांच्याकडून होणारी वसुली अधिक असते आणि संथपणे राहून स्थानिक खाणावळीत जेवणाऱ्याला मात्र स्वस्त पडते. हा परिणाम हेतुपुरस्सर साधलेला नसला तरी इष्टच म्हणावा लागेल.

प्रत्यक्ष स्थळांवरील ताण कमी करण्याचे काम खऱ्या अर्थाने अन्य नियम करतात. उद्यानातील बहुतेक स्थळी अधिकृत मार्गदर्शकाखेरीज जाता येत नाही. एका मार्गदर्शकामागे जास्तीत जास्त १६ जण असतात. प्राण्यांपासून किमान २ मीटर अंतर राखावे लागते. पर्यटक जहाजांची क्षमता १०० प्रवाशांपुरती मर्यादित आहे आणि एका जहाजाने तेच स्थळ दोन आठवड्यांच्या आत पुन्हा गाठू नये, असे वेळापत्रक २०१२ च्या सुमारास लागू झाले. हे नियम मार्गावरील प्रत्येक पावलाला लागू होतात, शुल्क मात्र दारातच संपते.

भारतीय पर्यटक सर्वांत चढ्या, म्हणजे २०० डॉलरच्या वर्गात मोडतात. टीसीटी कार्ड हे एक्वादोरच्या व्हिसाची जागा घेत नाही, हेही त्यांनी ध्यानात ठेवावे. भारतातील लक्षद्वीपच्या प्रवेशपरवान्याशी या व्यवस्थेची तुलना केली जाते. तेथे १९६७ च्या नियमांनुसार मूळ रहिवासी नसलेल्या भारतीय नागरिकासही परवाना घ्यावा लागतो. तथापि लक्षद्वीपमधील नियमनाच्या केंद्रस्थानी तेथील अनुसूचित जमातींचे, म्हणजे मूळ रहिवाशांचे संरक्षण आहे. गालॅपागसमध्ये मूळ रहिवासी असा समाजच नव्हता, तेथील सर्व वस्ती १८३२ नंतर आलेल्यांची व त्यांच्या वंशजांची आहे, त्यामुळे तेथील निर्बंधांचे समर्थन प्राणी, वनस्पती आणि सागर यांच्याच आधारे करावे लागते.