गाडी दुरून येते आहे: एका डच चित्राची पार्श्वभूमी

पॉल गाब्रिएल या डच चित्रकाराच्या या चित्राचं नाव फ्रेंच आहे: 'इल व्हियां द ल्वॅं'. म्हणजे 'तो दुरून येतो आहे'. फ्रेंचमध्ये ट्रेन पुल्लिंगी. आपण मात्र 'ती दुरून येते आहे' असंच म्हणू. चित्र १८८७च्या सुमाराचं. सपाट पोल्डर, पाण्यात उतरलेलं आभाळ, तारायंत्राचे खांब आणि लांबून धूर सोडत येणारी आगगाडी.

निसर्गावर यंत्राचं आक्रमण, असा अर्थ चटकन सुचतो. मला तो पटत नाही. पहिली डच आगगाडी २० सप्टेंबर १८३९ रोजी ॲमस्टरडॅमहून हार्लेमला गेली, 'दे आरेंड' म्हणजे 'गरुड' नावाच्या इंजिनामागे. गाब्रिएल ॲमस्टरडॅमचाच, जन्म १८२८चा. तेव्हा अकरा वर्षांचा पोरगा. त्याआधी दोनशे वर्षं लोक याच मार्गावर, कालव्याच्या काठानं चालणाऱ्या घोड्यानं ओढलेल्या होडीतून प्रवास करत. १८४७पर्यंत रूळ लायडन, हेग करत रॉटरडॅमला पोचले, आणि १८६०च्या कायद्यानंतर सरकारच लोहमार्ग बांधू लागलं. चित्र काढलं तोवर गाडीचं नवल केव्हाच ओसरलं होतं.

आणि 'निसर्ग' तरी कुठला? पोल्डर म्हणजे बांध घालून, पाणी उपसून कमावलेली जमीन. शतकानुशतकं हा उपसा पवनचक्क्यांनी केला. हार्लेमरमेर हे अवाढव्य तळं तर १८४९ ते १८५२ या काळात वाफेच्या पंपांनी कोरडं केलं. वाफ इथे रुळांवरून आली तशी पाण्यातही उतरली होती. पवनचक्की आज रम्य वाटते खरी, पण तीही यंत्रच.

गाब्रिएल हेग स्कूलमधला, म्हणजे एकोणिसाव्या शतकातल्या डच चित्रकारांच्या एका गटातला. या मंडळींना गाई, कोळी, होड्या, करडं आभाळ प्रिय. रेल्वे त्यांच्या चित्रांत क्वचितच दिसते. तो १८६० ते १८८४ ब्रसेल्समध्ये राहिला. बाहेरून आल्यावर काय डोळ्यांत भरलं, ते त्यानं एका पत्रात लिहिलंय: आपला देश रंगीत आहे, रसाळ आहे; ढगाळ हवेतसुद्धा तो करडा नसतो.

चित्र आता नेदरलँड्समधल्या ओटरलोच्या क्रोलर-म्युलर संग्रहालयात आहे. पवनचक्क्या रंगवून हात बसलेल्या या माणसानं इंजिनाचा धूरही तितक्याच निवांतपणे रंगवलाय. आभाळाच्या मानानं तो अगदीच थोडा आहे.