टायर कुठे झिजणार हे मसावि ठरवतो

फिक्स्ड गिअर सायकलसाठी क्रँकसेट, म्हणजे पायडलचे दांडे (क्रँक) आणि पुढचं दातेरी चाक (चेनरिंग) यांचा संच, घेताना लोक वजनाचा किती काथ्याकूट करतात! कार्बन की ॲल्युमिनियम, पोकळ की भरीव, अमक्यापेक्षा तमका वीस ग्रॅमने हलका. पुढच्या चेनरिंगला दात किती असावेत, हा प्रश्न मात्र ‘वेग हवा ना, मग मोठी घे’ एवढ्यावर मिटतो. पण एकट्या चेनरिंगवर वेग ठरतच नाही. पुढचे दात/मागच्या दातेरी चाकाचे दात असं लिहिलं, तर ४२/१४, ४५/१५, ४८/१६, ५१/१७ या चारही जोड्यांचं गुणोत्तर ३ येतं. पायडल एकदा फिरलं की मागचं चाक तीनदा फिरणार, मग चेनरिंग बशीएवढी असो की ताटाएवढी.

दातांची संख्या खरी गंमत करते ती दुसरीकडेच. फिक्स्ड गिअरमध्ये फ्रीव्हील, म्हणजे पायडल थांबवलं तरी चाक फिरू देणारी रचना, नसतं. मागचं दातेरी चाक, म्हणजे कॉग, हबला (चाकाच्या मधल्या भागाला) घट्ट जखडलेलं असतं. चाक फिरतंय तोवर पायडल फिरणारच. त्यामुळे थांबण्याची एक पद्धत अशी, की अंग थोडं पुढे झुकवायचं, दोन्ही क्रँक आडव्या झाल्या की पाय ताठ करून त्या रोखून धरायच्या. मागचं चाक अडतं आणि टायर रस्त्यावर घासत जातो. यालाच स्किड म्हणतात.

आता बघा. प्रत्येकाचा एक पाय ठरलेला असतो. स्किड करताना तोच पुढे येतो. म्हणजे दर स्किडला क्रँक एकाच स्थितीत. मग टायरचा कोणता भाग जमिनीवर असेल? ४८/१६ ही जोडी घेतली तर क्रँकच्या एका फेऱ्यात चाकाचे बरोबर तीन फेरे होतात आणि चाक होतं तिथेच परत येतं. पन्नास वेळा स्किड करा, झिजणार टायरवरची तीच एक जागा. बाकी टायर नवाकोरा, आणि तेवढ्या एका ठिकाणी आतले धागे बाहेर!

चेनरिंगचा एक दात कमी करून ४७/१६ करू. आता क्रँकच्या एका फेऱ्याला चाकाचे २ पूर्ण १५/१६ फेरे होतात. दर फेऱ्याला चाक एक सोळांश मागे राहतं, आणि मूळ जागा पुन्हा जमिनीला टेकायला क्रँकचे सोळा फेरे लागतात. झीज सोळा ठिकाणी वाटली जाते. गुणोत्तर ३ वरून २.९४ वर आलं, पायांना कळणारही नाही एवढा फरक. टायरचं आयुष्य मात्र पार बदललं.

नियम शाळेतलाच आहे. चेनरिंग आणि कॉग यांच्या दातांचा मसावि काढायचा आणि कॉगच्या दातांना त्याने भागायचं. येईल तितक्या जागा. ४६/१६ चा मसावि २, म्हणून ८ जागा. ४८/१८ चा ६, म्हणून फक्त ३. दोन्ही पायांनी स्किड जमत असेल तर अर्ध्या फेऱ्याचा हिशेब करावा लागतो. अपूर्णांक अतिसंक्षिप्त करा. अंश विषम असेल तर जागा दुप्पट होतात, सम असेल तर तेवढ्याच राहतात. ४७/१६ ला ३२ मिळतात. ४८/१७ ला दोन्ही पाय वापरूनही १७ च, कारण क्रँकच्या अर्ध्या फेऱ्यात चाक २४/१७ फिरतं आणि छेद काही वाढत नाही.

इथे मूळ संख्यांचे भक्त भेटतात. ४७ ही मूळ संख्या म्हणून ती चेनरिंग ‘सिद्ध’, असा काहीसा सूर असतो. ४५/१६ बघा. ४५ मूळ नाही, १६ तर मुळीच नाही, तरी जागा १६ आणि दोन्ही पायांनी ३२. दोघांत सामाईक विभाजक नसला की झालं. कॉग १७ चा असेल तर चेनरिंग ३४ किंवा ५१ ची नाही एवढं पाहायचं आणि निश्चिंत व्हायचं. हातात ४८/१६ आलीच असेल तरी उपाय आहे. मागचं चाक काढून परत बसवताना चेन कॉगवर एक दात सरकवून लावा, झिजणारी जागा २२.५ अंशांनी पुढे जाते.

आणि स्किड दिसायला कितीही झोकदार असला तरी पुढच्या ब्रेकची सर त्याला नाही. सायकल थांबताना भार पुढच्या चाकावर येतो, मागच्या चाकाची पकड कमी होते, घसरत्या टायरची आणखीच. ब्रेक काढून फिरण्यात शौर्य वगैरे काही नाही.

फ्रीव्हील असलेल्या सिंगल स्पीडला, म्हणजे एकाच गिअरच्या सायकलला, हे गणित लागू नाही. तिथे सम-विषम दातांचा मुद्दा उरतो. चेनमध्ये अरुंद आणि रुंद कड्या आलटून पालटून येतात, त्यामुळे सम दातांच्या चेनरिंगवर एका दाताला कायम एकाच प्रकारची कडी भेटते. विषम असेल तर दर फेऱ्याला प्रकार बदलतो आणि झीज सगळ्या दातांवर सारखी पसरते.

राहिली क्रँकची लांबी. लांब क्रँक म्हणजे जास्त ताकद हा समज २००१ सालच्या एका प्रयोगाने बराच ढिला केला: १२० ते २२० मिलिमीटर अशा टोकाच्या लांब्या वापरूनही कमाल शक्तीत फरक पडला तो ४ टक्क्यांच्या आसपास. मग १६५ आणि १७० यांत काय डोकं खपवायचं? फिक्स्डला १६५ बरी, पण कारण वेगळं. वळणावर पायडल वर धरून ठेवता येत नाही, ते खाली येणारच आणि रस्त्याला लागू शकतं. तिथे पाच मिलिमीटरही कामाचे.

चेनलाइनकडे, म्हणजे फ्रेमच्या मध्यरेषेपासून चेन किती दूर धावते त्याकडे, मात्र काणाडोळा नको. फिक्स्ड हबची चेनलाइन बहुधा ४२ मिलिमीटर असते. फ्रेमच्या मध्यरेषेपासून चेनरिंगच्या दातांपर्यंतचं अंतर तेवढंच हवं. दोन चेनरिंगांचा जुना रोड क्रँकसेट असेल तर आतली जागा साधारण जुळते, बाहेरची नाही. चेनरिंग गोल बसली आहे का तेही क्रँक हळूहळू फिरवून बघावं. चेन एका जागी ताणलेली आणि दुसरीकडे लोंबती दिसली तर बोल्ट ढिले करून चेनरिंग पुन्हा मध्यावर आणायची. ढिली चेन फिक्स्डवर उतरली तर मागचं चाक जागच्या जागी अडकू शकतं.