खांदा आखडलाय का शीर तुटलीय? दोन्ही एकच नाही बरं का

आमच्याकडं लातूर-उदगीर पट्ट्यात हात वर जाईना झाला की सगळ्यांचं निदान एकच, "खांदा आखडलाय". घरातलं म्हातारं माणूस म्हणतं वात आहे, मेडिकलवाला मलम देतो, आणि कुणी मोबाईलवर बघितलेलं असलं की लगेच "फ्रोझन शोल्डर आहे, व्यायाम कर, सुटतंय". मी फिजिओथेरपी करतो त्यामुळं हे रोजच कानावर पडतंय. पण ह्या एका नावाखाली दोन वेगळे आजार बसलेत. एक खरा फ्रोझन शोल्डर, आणि दुसरा म्हणजे रोटेटर कफ फाटणं, ज्याला लोक शीर तुटली म्हणतात. दुखणं सारखंच, रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही हेही सारखंच, दंडाच्या बाहेरच्या बाजूला ठणकतं तेही सारखंच, आणि उपाय बघायला गेलं तर भलतेच वेगळे.

फरक ओळखायची युक्ती मात्र सोपी आहे. हात पेशंटला स्वतःला उचलता येत नाही, की दुसऱ्यानं उचलला तरी जात नाही, एवढंच बघायचं.

मागं औशाकडच्या एक मावशी आल्या होत्या, वय पन्नाशीच्या आसपास, शुगर आहे. ब्लाऊजचं मागचं हूक लागेना, वेणी घालायला सुनेला बोलवावं लागायलंय म्हणाल्या. त्यांचं कोपर कमरेला टेकवून धरलं आणि पंजा हळूच बाहेरच्या बाजूला फिरवायला गेलो तर थोडा गेला आणि खाडकन अडला. मी जोर लावला तरी तिथंच. हा फ्रोझन. आणि त्याच आठवड्यात मोटरसायकलवरून हातावर पडलेले एक काका आले, साठी ओलांडलेली, त्यांचा हात मी उचलला तर आरामात डोक्यापर्यंत गेला, म्हटलं आता हळूहळू खाली आणा, तर खांद्याच्या लेव्हलच्या जरा खाली आला आणि एकदम धपकन पडला. सांधा मोकळाच होता, हात धरून ठेवणारी शीरच जागेवर नव्हती.

आता आत नेमकं काय होतं ते. खांद्याच्या सांध्याभोवती एक पातळ आवरण असतं, कॅप्सूल म्हणतात त्याला, आणि ते चांगलं सैल असतं म्हणून तर आपला हात चारी दिशेला फिरतो. फ्रोझनमध्ये ते आवरण जाड होऊन आकसतं, ओली चामड्याची पिशवी उन्हात वाळल्यावर आकसते ना तसं. बरीच वर्षं डॉक्टर लोकांना वाटायचं की ही नुसती सूज आहे. इंग्लंडमध्ये एक्सेटर गावचे ऑर्थोपेडिक सर्जन टिम बंकर, त्यांनी आणि अँथनी नावाच्या सहकाऱ्यानं 1995 साली न सुटणाऱ्या खांद्यांमधलं हे टिश्यू काढून मायक्रोस्कोपखाली बघितलं, तर त्यात सुजेपेक्षा कोलॅजन म्हणजे चिवट तंतू तयार करणाऱ्या पेशींचीच गर्दी, अगदी ड्युप्युट्रेनसारखी. ड्युप्युट्रेन म्हणजे तळहातात गाठी येऊन बोटं आत वळत जातात तो आजार. आणि गंमत बघा, तोही शुगरवाल्यांमध्ये जास्तच दिसतो. म्हणजे शुगर आणि खांदा ह्यांचं नातं असंच हवेतलं नाही. मला विचाराल तर चाळीस ते साठ वयात काही न लागता-पडता खांदा आखडायला लागला आणि शुगर कधी तपासलीच नसेल तर आधी ती तपासून या, मशीन लावायचं नंतर बघू.

शिरेचं प्रकरण वेगळं. खांद्याच्या गोळ्याला चार स्नायूंचे टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या शिरा, वेढून असतात, त्यालाच रोटेटर कफ म्हणतात, त्यातला वरचा सुप्रास्पायनेटस सगळ्यात जास्त फाटतो. वय होत जातं तसा तो झिजतोच, बऱ्याच म्हाताऱ्या माणसांच्या खांद्यात फाटलेला असतो आणि त्यांना पत्ताही नसतो, तक्रारच नसते. म्हणून एमआरआयच्या रिपोर्टवर टिअर, म्हणजे फाटलंय, असं लिहून आलं की घाबरून लगेच ऑपरेशनची तारीख घ्यायची असं काही नाही. पण चांगला चालता हात एका दिवसात, पडल्यावर किंवा जड ओझं झटक्यात उचलताना बंद पडला असेल तर मात्र थांबायचं नाही. तुटलेलं टेंडन मागं सरकत जातं, त्याच्या स्नायूत चरबी भरत जाते आणि वर्षभरानं सर्जन जोडायला गेला तरी ते ओढून जागेवर येत नाही. आमच्याकडं हंगामात कारखान्याच्या फडात मोळ्या उचलणारी माणसं हंगाम संपेपर्यंत काम ओढतात आणि मग दाखवायला येतात, त्यांचं बोलणं पटतं पण, हाताला काम नाही तर पैसे नाहीत.

हे दोन आजार वेगळे काढण्यात ज्यांचा हात आहे त्यातला एक म्हणजे अमेरिकेतल्या बोस्टनचा सर्जन अर्नेस्ट कॉडमन. फाटलेली शीर शिवल्याचं ह्या माणसानं 1911 मध्येच छापून सांगितलं होतं आणि फ्रोझन शोल्डर हे नाव 1934 मध्ये त्यानंच रूढ केलं. त्याचं डोकंच वेगळं होतं, ऑपरेशन झालेल्या प्रत्येक पेशंटचं कार्ड ठेवायचा आणि वर्षानंतर त्याचं काय झालं ते त्यावर लिहायचा, चुकलं असेल तर तेही. सगळ्या हॉस्पिटलांनी असंच करावं म्हणून तो भांडला, लोकांना ते झेपलं नाही, आणि 1914 मध्ये त्यानं मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलचा राजीनामा दिला. वाकून हात लोंबता सोडून झोक्यासारखा हलवायचा जो व्यायाम आम्ही रोज शिकवतो तोही त्याच्याच नावानं ओळखला जातो.

बंकरकडं परत येतो, कारण हाच माणूस पुढं खुब्याकडं वळला. मांडीचं हाड खुब्यात मोडलेल्या 50 पेशंटचं ऑपरेशन करताना त्यांच्या टीमनं कुल्ल्याच्या स्नायूंचे टेंडन बघितले, तर 11 जणांत ते फाटलेले, खांद्यात दिसतं तसंच. 1997 मध्ये त्यांनी हे खुब्याचा रोटेटर कफ म्हणूनच छापलं. आपल्याकडं खुब्याच्या बाहेरच्या बाजूला दुखतंय, त्या कुशीवर झोपवत नाही, चालताना झोल जातोय अशा बायकांना सरसकट गादी सरकली म्हणून कमरेचा पट्टा बांधला जातो. त्यातल्या काहींचं दुखणं कमरेत नसतंच मुळी.

उपायाचं बोलायचं तर फ्रोझनला वेळ हेच मोठं औषध, पण तो वेळ एक ते तीन वर्षं असू शकतो आणि तेवढं सोसायचं कसं हा प्रश्न. ब्रिटनच्या 35 हॉस्पिटलांत 503 पेशंटवर ट्रायल झाली, तिचा निकाल 2020 मध्ये छापून आला, त्यात एका गटाला स्टेरॉईडचं इंजेक्शन देऊन फिजिओथेरपी, दुसऱ्याला भूल देऊन खांदा मोकळा करणं, तिसऱ्याला दुर्बिणीतून आवरण कापणं. वर्षानंतर तिन्हीत पेशंटला जाणवेल एवढा मोठा फरक काही निघाला नाही. मग आधी साधं करून बघायला काय हरकत आहे असं माझं मत, फक्त शुगर असेल तर इंजेक्शननंतर काही दिवस ती वाढते, ते डॉक्टरांना आधीच सांगून ठेवा. आणि चोळणाऱ्याकडून झटका देऊन खांदा सोडवून घेऊ नका, म्हाताऱ्या हाडाला तिथंच फ्रॅक्चर झालेलं बघितलंय.

अजून एक, ह्या दोन्हीत न बसणारं पण फ्रोझनसारखंच सोंग घेणारं. विहिरीवरच्या मोटारीचा शॉक बसल्यावर किंवा फिट आल्यावर खांदा कधीकधी मागच्या बाजूला निखळतो आणि तसाच अडकून राहतो, पंजा बाहेर फिरत नाही, आणि समोरून काढलेल्या एक्स-रेत तो कितीदा नॉर्मलच वाटतो. शॉक किंवा फिटची हिस्ट्री असेल तर ती आपण होऊन सांगायची, आणि काखेतून काढतात तो दुसरा एक्स-रे मागून घ्यायचा.