किता इक्कीने बंड आखलं नव्हतं

२६ फेब्रुवारी १९३६ चं टोकियोतलं लष्करी बंड किता इक्की या जपानी राष्ट्रवादी विचारवंताने आखलं, असं सर्रास लिहिलं जातं. ते चूक आहे. बर्फात सुमारे १,५०० सैनिक उतरवले ते तरुण अधिकाऱ्यांनी; किता तर लष्करात नव्हताच. त्याचा खरा वाटा १९१९ मध्ये शांघायला लिहिलेल्या, जपानच्या पुनर्रचनेच्या आराखड्याचा: राज्यघटना तीन वर्षं स्थगित, सरदारक्या रद्द, खासगी मालमत्ता कुटुंबामागे १० लाख येनपर्यंतच. हे वाचून अधिकारी भारावले. बंड सुरू झाल्यावर त्याने फोनवरून सल्ला दिला, हेही खरं. पण ‘म्होरक्या’ हा शिक्का लष्करी न्यायालयाचा. बंद दाराआड खटला, वकील नाही, अपील नाही. १९ ऑगस्ट १९३७ ला त्याला गोळ्या घातल्या. तोच निकाल आपण इतिहास म्हणून गिरवतोय.